अ‍ॅरिझोनातील न्यायाधीश-प्रत्यावाहनाचा वाद (१९१०-१२)

न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यास बाधक असा प्रस्ताव खुद्द मतदारांच्याच पाठिंब्याने पुढे आला, तर त्यास विरोध कोणत्या मार्गाने करावा, हा लोकशाहीतील एक बिकट प्रश्न होय. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

केंद्राच्या थेट अमलाखालील या प्रदेशास घटक राज्याचा दर्जा मिळावा म्हणून संविधान तयार करण्याची अनुज्ञा काँग्रेसने जून १९१० मध्ये दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज हंट यांच्या अध्यक्षतेखाली फिनिक्स येथे भरलेल्या परिषदेने सर्व निर्वाचित अधिकाऱ्यांच्या, अर्थात न्यायाधीशांच्याही, प्रत्यावाहनाची तरतूद केली. त्या पदासाठी मागील निवडणुकीत झालेल्या मतांच्या २५ टक्के इतक्या मतदारांनी अर्ज केल्यास आणि न्यायाधीशाने ५ दिवसांत राजीनामा न दिल्यास २० ते ३० दिवसांत विशेष निवडणूक व्हावयाची होती. आरोपाची कारणे २०० शब्दांत मांडावयाची होती. बचावाची मर्यादाही तेवढीच होती.

ही मागणी निष्कारण नव्हती. तोपर्यंत या प्रदेशाचे न्यायाधीश वॉशिंग्टनहून नेमले जात. स्थानिक जनतेस त्यात मत नसे. तांब्याच्या खाणी व रेल्वे यांच्या कंपन्यांचे वर्चस्व कामगारवर्गास जाचत होते. बेकरी कामगारांचे तास मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली लॉकनर खटल्यात रद्द ठरविला होता. न्यायालये धनिकांची पाठीराखी आहेत, ही भावना त्यामुळे बळावली होती. फेब्रुवारी १९११ मध्ये मतदारांनी हे संविधान मोठ्या बहुमताने संमत केले.

राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी १५ ऑगस्ट १९११ रोजी नकाराधिकार वापरला. ते स्वतः पूर्वी न्यायाधीश होते. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा : विधिमंडळाचा सभासद मतदारांचा प्रतिनिधी असतो, न्यायाधीश कोणाचाच नसतो. क्षणिक बहुमतापासून व्यक्तीचे व अल्पसंख्याकांचे रक्षण करणे हे ज्याचे कर्तव्य, त्याचे पद त्याच बहुमताच्या मर्जीवर ठेवल्यास संविधानाची मर्यादा नाममात्र उरते.

अखेर न्यायाधीशांपुरती ती तरतूद वगळण्याची अट घालण्यात आली. मतदारांनी ती डिसेंबर १९११ मध्ये मान्य केली आणि १४ फेब्रुवारी १९१२ रोजी अ‍ॅरिझोना घटक राज्य झाले. परंतु नोव्हेंबर १९१२ मध्ये त्याच मतदारांनी वगळलेली तरतूद संविधानात पुन्हा समाविष्ट केली. केंद्र निरुपाय होते. कारण राज्यप्रवेशाच्या अटीने घटक राज्याचे समान अधिकार कायमचे बांधता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्येच ओक्लाहोमाच्या राजधानीसंबंधीच्या खटल्यात स्पष्ट केले होते.

टॅफ्ट यांचा युक्तिवाद दुर्बल होता, असा याचा अर्थ नव्हे. तत्त्वतः तो आजही अखंडित आहे. तथापि तो अ‍ॅरिझोनाच्या मतदारांपुढे आला तो अटीच्या रूपाने. आणि न्यायालयांविषयीच्या ज्या अविश्वासातून ती मागणी उद्भवली, त्याचे निवारण त्या अटीने केले नाही. पुढे १९७४ मध्ये मतदारांनी स्वतःच निवड-आयोगाने सुचविलेल्या नावांतून राज्यपालाने वरिष्ठ न्यायाधीश नेमण्याची पद्धती स्वीकारली. न्यायाधीशाने पदावर राहावे की नाही, यावर ठरावीक मुदतीने मत देण्याचा हक्क त्यांनी आपल्याकडे ठेवला. वरून लादलेली मर्यादा नऊ महिनेही पुरती टिकली नव्हती. मतदारांनी स्वतः पत्करलेली व्यवस्था मात्र रुजली. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचे समर्थन लोकांपुढे, त्यांच्या गाऱ्हाण्यांची दखल घेऊनच करावे लागते, असा या प्रकरणाचा निष्कर्ष आहे.