लबाडी पकडणारी पंधरा विधानं

माणूस खरं बोलतोय की नाही, हे त्यालाच विचारून कसं कळणार? मानसशास्त्रज्ञांना हा पेच पडला आणि त्यावरचा तोडगा चक्क शाळेच्या वर्गातून आला, याची मला मास्तर म्हणून फार गंमत वाटते.

ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या अमेरिकी संशोधकांनी १९२० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना जोखलं. पेपर लिहून घ्यायचे, गुपचूप उत्तरांची नक्कल करून ठेवायची आणि मग तेच पेपर, बरोबर उत्तरांच्या यादीसकट, मुलांनाच तपासायला द्यायचे! कोणी काय खोडून सुधारलं ते आपोआप कळे. त्यांचं पुस्तक १९२८ साली आलं. त्यांना दिसलं ते असं की, प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं अशा दोन जाती नसतातच. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसरीकडे सरळ वागतं. हे मला तंतोतंत पटतं. गणितात शेजाऱ्याचं बघून लिहिणारा पोरगा सापडलेले पैसे इमानदारीत आणून देतो की!

त्यांची आणखी एक युक्ती होती. तू नेहमी खरंच बोलतोस का? सांगितलेलं काम नेहमी आनंदाने करतोस का? अशा सगळ्या प्रश्नांना 'हो' आलं की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

हीच कल्पना मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टार्क हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी उचलली. त्यांची साडेपाचशे विधानांची 'एमएमपीआय' ही चाचणी १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १५ विधानं पेरलेली होती, अगदी साधी. कधीमधी राग येतो, या धर्तीची. 'छे, मला नाही येत' असं दरवेळी म्हणणारा अडकलाच. शिकलेली, चलाख माणसं मात्र यातून निसटायची. म्हणून १९४६ साली पॉल मील आणि हॅथवे यांनी ३० विधानांची जास्त छुपी मोजपट्टी मांडली.

मला खटकतं ते वेगळंच. कडक धार्मिक शिस्तीत वाढलेल्या माणसांचे गुणही त्या १५ विधानांवर जास्त येतात, हे या क्षेत्रातल्या लोकांनीच नोंदवलंय. ती बापडी खोटंच बोलत असतील असं नाही, खरोखर तशी वागतही असतील. आणि अमेरिकेत घटस्फोटात मूल कोणाकडे द्यायचं, हे ठरवतानाही ही चाचणी घेतली जाते. तिथे आईबाप स्वतःला चांगलंच दाखवणार, नाहीतर काय करणार? त्यांचे गुण चढलेले असतात. म्हणून १९९० च्या दशकात अभ्यासकांनी अशा आईबापांच्या गुणांचे वेगळे तक्ते केले. लेकरासाठी कोर्टात उभ्या राहिलेल्या आईची तुलना निदान तिच्यासारख्याच दुसऱ्या आईशी होऊ लागली.