बळदातला रुमाल

"ताई, माजघराची भिंत पोकळ वाजतीया. हातोडा थांबवलाय. तुमी या."

मिस्त्रींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. फोन ठेवता ठेवता ते हळूच म्हणाले, "गावात कुणाला बोलू नगा. लगीच सोनं घावल्याचं हुईल."

मी शनिवारी पोचेपर्यंत ते झालंच होतं. एसटी स्टँडवरच्या चहावाल्यानं पैसे घेताना विचारलं, "हंडा केवढा होता?"

सातारा जिल्ह्यातलं, कृष्णेपासून थोडं आत असलेलं गाव. तिथल्या आमच्या वाड्याचे आता चारच खण उभे आहेत. बाबा विकायचं म्हणत होते. मी हट्टानं म्हटलं, निदान कौलं आणि दोन खोल्या नीट करू, मग ठरवू. कामाला गावातलेच मिस्त्री मिळाले. वय साठीच्या पुढे, तोंडात तंबाखू, आणि जुन्या बांधकामाबद्दल मनापासून आदर.

खरं तर पहिला धक्का सोन्याच्या बातमीआधीच बसला होता. कामाच्या पहिल्या आठवड्यात सोप्याचा गिलावा काढला, तर आतले सागवानी खांब काळे निघाले. रंगानं नव्हे. नख लावलं तर कोळशाची भुकटी हाताला येत होती. तुळईची एक बाजू तर कोणी कुरतडल्यासारखी खाल्लेली. त्यावर जाळी मारून, सिमेंट थापून, वर पिवळा ऑइलपेंट दिलेला. लहानपणी मे महिन्यात याच खांबाला पाठ लावून मी आंबे खाल्ले आहेत.

बाबांना फोटो पाठवला. दोन निळ्या टिका, उत्तर नाही. रात्री फोन केला तर म्हणाले, "अठ्ठेचाळीस सालचं असेल. त्यावर आमच्याकडे कोणी बोलायचं नाही."

३० जानेवारी १९४८ ला, शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. खुनी पुण्याचा, ब्राह्मण, हे कळल्यावर पुढच्या काही दिवसांत मुंबई, पुणे, नागपूर आणि विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवर आहे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मला हे कधी भेटलं नाही. ज्यांची घरं जळाली ते पुण्या-मुंबईला आले, नोकऱ्यांना लागले आणि गप्प बसले. ज्यांच्या गावात जळाली तेही गप्प बसले. या विषयावर गावोगाव एक वाक्य मात्र हमखास ऐकू येतं : जाळणारे आपल्या गावचे नव्हते, शेजारच्या गावचे होते. शेजारच्या गावात गेलात तर तेही हेच सांगतात.

आमच्या घरात या आगीची साक्षीदार एकच उरली आहे, बाबांची आत्या. मी तिला आत्याआजी म्हणते. तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिला आठवतं ते एवढंच, की लोक आले, आधी सगळ्यांना बाहेर निघायला सांगितलं, तिच्या आईनं देव पदरात घेतले, आणि मग रात्रभर सगळे उभ्या ज्वारीत बसून राहिले. कुणाच्या शेतात, ते तिला माहीत नाही. गावात आज तीन घरं तरी सांगतात, की तुमच्या माणसांना आमच्या रानात लपवलं होतं.

आणि दुसरी एक गोष्ट ती नेहमी सांगते, जी बाबाही सांगतात, जी मीही कॉलेजात मित्रांना ऐटीत सांगितली आहे : "कर्जाचे सगळे कागद त्या आगीत गेले. अप्पांनी कुणाकडे एक पै मागितली नाही. वर कुळकायद्यात जमीन गेली ती गेलीच." अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे पणजोबा. गावचे सावकार.

तर ती पोकळ भिंत.

जुन्या घरांत जाड भिंतीच्या पोटात धान्य साठवायची जागा ठेवत, ते बळद. वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. भिंत दगड आणि पांढऱ्या मातीची असल्यानं आत ऊन, पाऊस, उंदीर काही पोचत नाही. आमच्या बळदाचं वरचं तोंड पक्क्या विटांनी बुजवलेलं होतं. मिस्त्रींनी टॉर्च मारून दाखवलं. "हे बघा ताई. भवतीचा दगड धुरानं काळा हाय, पर ईट कोरी हाय. म्हंजी जाळ आधी, बुजवलं मागनं." मी इतिहासात एमए केलंय, पण त्या क्षणी पुरावा कसा वाचायचा हे मला एका गवंड्यानं शिकवलं.

आत काळपट पडलेली ज्वारी होती, दोन-तीन घमेली भरेल एवढी. त्यात खोल रुतलेला एक मोठा कापडी बोचका. आपल्याकडे दप्तर बांधायच्या अशा फडक्याला 'रुमाल' म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागदही अशाच रुमालांत बांधलेले आहेत. फडक्याची एक बाजू भाजून तांबूस झालेली. आत कागद. सगळे मोडीत.

सोनं नाही म्हटल्यावर जमलेली पोरं पांगली. (सोनं निघालं असतं तरी ते लगेच आमचं झालं नसतं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा तिला जोडलेल्या कशातही दडलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. भिंतही त्यात आली.) इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यातली पानिपतच्या काळातली पत्रं आमच्याच जिल्ह्यातल्या वाईत मिळाली होती. पुण्याला जाताना मांडीवर रुमाल घेऊन माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. आपल्याकडे कुण्या सरदाराचं पत्र असेल, मोहीम असेल, निदान एखादी सनद.

मोडी शिकवणाऱ्या एका निवृत्त सरांनी तीन रविवार घेऊन कागद लावून दिले. पहिल्याच दहा मिनिटांत चष्मा पुसत म्हणाले, "मोहीमबिहीम नाही हो. कर्जरोखे आहेत. गहाणखतं, खरेदीखतं आणि ही एक खतावणी."

म्हणजे आगीत गेलेले कागद.

मी वाचत गेले तसं एक कोडं पडलं. एकाच माणसाच्या नावावर तीन-तीन वर्षांच्या अंतरानं रोखे होते. प्रत्येक वेळी रक्कम वाढलेली. हा माणूस दर तीन वर्षांनी नवं कर्ज का काढत होता? सर हसले. तो नवं कर्ज काढतच नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीन वर्षांनी बाद व्हायचा. सावकारानं व्याज फुगवत बसू नये आणि कुणब्याला दिलासा मिळावा, हा हेतू. सावकारांनी त्यावर साधा उपाय काढला. तीन वर्षं झाली की मुद्दल अधिक थकलेलं व्याज एवढ्या रकमेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. काल जे व्याज होतं ते आज मुद्दल झालं, आणि आता त्यावर व्याज. लिहून देणाऱ्याला वाचता येत नव्हतं.

त्यातच १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून पैसे दिले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, उसनवारी आटली, आणि त्याच सुमारास नव्या मोजणीत दख्खनमध्ये सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवला गेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथं बाजारात लोक जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद. वह्या, रोखे बाहेर काढून जाळले. दोन महिन्यांत हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. पुस्तकात हा 'दख्खनचा उठाव' म्हणून चार ओळींत असतो, आणि परीक्षेसाठी तेवढाच मी पाठ केला होता. कागद जाळायचाच का, हे तेव्हा कळलं नव्हतं. रोखा हातात धरल्यावर कळलं.

सरकार घाबरलं. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. आता न्यायाधीश रोख्यामागचा मूळ व्यवहार खणून काढू शकत होता. गहाणाचा धंदा अवघड झाला, तशी सावकारांनी दुसरी वाट काढली. गहाणखत करायचंच नाही. सरळ खरेदीखत. कागदावर जमीन विकली, आणि तोंडी शब्द दिला की पैसे फिटले की जमीन परत तुझी.

आमच्या रुमालात असं एक खरेदीखत आहे. स्टॅम्पावर पंचम जॉर्जचा मुखवटा. विकणाऱ्यानं सही केलेली नाही. एक छोटी आकृती आहे आणि बाजूला लिहिलंय, 'निशाणी नांगराची'. कुणब्याची सही म्हणजे नांगर. बाईची असती तर बांगडी. आणि खतावणीत त्याच माणसाच्या खात्यावर विक्रीनंतरही सहा वर्षं रकमा जमा आहेत. मला वाटलं, कुळ म्हणून दिलेला खंड असेल. सरांनी बोट ठेवलं. प्रत्येक रकमेपुढे एकच शब्द होता : 'व्याजापैकी'. विकलेल्या जमिनीवर कुणी व्याज देत नाही.

आडनाव मिस्त्रींचं होतं. नाव, बापाचं नाव, सर्व्हे नंबर. विचारायची गरज नव्हती, तरी मी सहज विचारल्यासारखं मिस्त्रींना फोन करून पणजोबांचं नाव विचारलं. तेच.

बाबांना सांगितलं. बाबा वाईट माणूस नाहीत. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "शंभर वर्षं झाली. जळलेलं घर आपलं होतं. आता हे उकरून त्यांना काय मिळणार आणि आपल्याला काय?" मला राग आला, पण त्यांचं सगळंच चूक नव्हतं. दहा वर्षांच्या मुलीनं थंडीत ज्वारीत बसून आपलं घर जळताना बघावं, याला कोणताही रोखा उत्तर होऊ शकत नाही. पण १९२० च्या आसपास सत्यशोधक चळवळीच्या काळात याच जिल्ह्यात कुळं ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध उभी राहिली होती, १९४३ ते ४६ च्या प्रतिसरकारनं सावकारांना जरब बसवली होती, हेही मी वाचलंय. राग ३० जानेवारीला संध्याकाळी जन्मला नव्हता.

आणि अप्पा? त्यांनी हे कागद का बुजवले? गावाला 'जळाले' म्हणून सांगितलं आणि खरंच एक पै मागितली नाही, यात मोठेपणा असेल. किंवा कर्जमुक्तीचे कायदे, सावकारीचे परवाने यांनी तोवर सावकारी अवघड झालीच होती, तेव्हा बरे दिवस येईपर्यंत विटांच्या मागे असू देत, असंही असेल. जाळायचेच असते तर अर्धं काम झालेलं होतं. आत्याआजीला विचारलं. ती एवढंच म्हणाली, "अप्पा स्वतः विटा लावत होते. मी पाणी देत होते. मला वाटलं, उंदरांसाठी."

पुढच्या शनिवारी मी मिस्त्रींना सांगितलं. बाबाही आले होते. येणार नाही म्हणाले होते, पण गाडीत येऊन बसले.

मिस्त्री ओट्यावर टेकले. खरेदीखताची झेरॉक्स न घेता मूळ कागदच मी त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी हात धोतराला पुसले, पण कागदाला लावले नाहीत. नांगराकडे बघत राहिले. "आमच्या पणज्यानं काढलाय ह्यो?"

"हो."

"बरा काढलाय." मग थोड्या वेळानं, "म्हंजी ते रान आधी आमचंच हुतं?"

मी हो म्हटलं. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळं कायद्यानं जमिनीची मालक झाली, हे आमच्या घरात 'गेली' म्हणून सांगतात आणि त्यांच्या घरात 'मिळाली' म्हणून. पण मिळाली ती फुकट नाही. सरकारनं ठरवलेली किंमत हप्त्यांनी भरून. मिस्त्रींच्या आज्यानं ते हप्ते भरले होते.

"म्हंजी आमचंच रान आमी इकत घ्यातलं," मिस्त्री म्हणाले. आवाजात राग होता की हसू, मला कळलं नाही. ते उठले, चपला घातल्या. मला वाटलं, आता हे काम सोडणार. अर्ध्या तासानं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन परत आले. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत हप्त्यांच्या पावत्या होत्या, सुतळीनं बांधलेल्या. एकही हरवलेली नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

बाबा इतका वेळ चौकात पाठमोरे उभे होते. ते वळले, ओट्यावर येऊन बसले आणि माझ्याकडे हात केला.

"चष्मा दे माझा. सर्व्हे नंबर बघू दे."