फाटक, जिन्याचे

रांगत्या वा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला जिना, स्वयंपाकघर किंवा गच्चीपासून अडवणारे बुटके दार. मूल साधारण सातव्या ते नवव्या महिन्यात रांगू लागते. फाटक त्याआधीच बसलेले हवे. मूल दोन वर्षांचे झाले, किंवा त्याआधीच फाटकावर चढू लागले, की ते काढावे. वर चढून पलीकडे पडलेले मूल अधिक उंचावरून पडते.

जुन्या वाड्यांत जिना भिंतीच्या पोटात असे आणि वरच्या तोंडाशी लाकडी झडप. झडप पाडली की माडी बंद. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या सावनेरसारख्या गावांतल्या आजच्या स्लॅबच्या घरांत ही सोय उरलेली नाही. जिना बैठकीतूनच गच्चीवर जातो. वाळवणासाठी, उन्हाळ्यात रात्री झोपण्यासाठी गच्चीचे दार उघडेच राहते. म्हणून विदर्भात फाटकाचा विचार पहिल्यांदा उन्हाळ्याच्या अंगाने करावा. याच दिवसांत पाण्याने भरलेला कूलरही सुरू असतो. पाणी आणि वीज एकत्र असलेली ती जागा मुलाच्या आवाक्याबाहेर ठेवायला खोलीच्या दारातले फाटक उपयोगी पडते.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक भिंतींमध्ये ताणून, दाबावर बसते. दुसरे स्क्रूने भिंतीत पक्के होते. जिन्याच्या वरच्या टोकाला दुसरेच लावावे, यात तडजोड नको. दाबाचे फाटक धक्क्याने निसटू शकते, शिवाय त्याची खालची आडवी पट्टी मोठ्यांच्याही पायात येते. पक्के फाटक जिन्याच्या बाजूला उघडता कामा नये. दाबाचे फाटक दोन खोल्यांमध्ये किंवा जिन्याच्या तळाशी चालते. त्यासोबत भिंतीला लावायच्या छोट्या वाट्या येतात, त्या खोक्यातच पडून राहतात. फाटकाची पकड मात्र त्यांच्यावरच असते. अमेरिकेत २०२१ पासून सक्तीच्या झालेल्या मानकानुसार दाबाच्या फाटकाला पाच ठिकाणी ३० पौंडांचा जोर सोसावा लागतो.

आपल्याकडे बरेच जण फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी फाटक करून घेतात. ते वाईट नाही, पण माप आपण द्यायचे. गज उभेच हवेत. आडव्या गजांची मुले शिडी करतात. दोन गजांतले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा कमी, खालची फट पाचपेक्षा कमी, उंची मुलाच्या उंचीच्या निदान तीन-चतुर्थांश. वेल्डिंगच्या कडा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात. ओसरीला असते तसे घडीचे चॅनल गेट इथे अजिबात नको: त्याच्या पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या फटींत बोटे, कधी मानही अडकते. अमेरिकेत १९८५ पूर्वीची लाकडी घडीची फाटके याच कारणाने धोक्याची ठरली. रेलिंगचा पाइप गोल असेल तर स्क्रू त्यात धरत नाही. क्लॅम्प किंवा वेल्ड केलेली पट्टी लागते. प्लास्टर पोकळ वाजत असेल तर वीट लागेपर्यंत छिद्र पाडून मगच प्लग ठोकावा.

कडीची निवड सर्वांत जास्त दुर्लक्षित. मूल सोडून घरातल्या प्रत्येकाला, गुडघे दुखणाऱ्या आजीलाही, एका हाताने ती उघडता-लावता आली पाहिजे. दुसऱ्या हातात बहुधा मूलच असते. कडी अवघड असली की मोठी माणसे फाटक ओलांडून जातात, नाहीतर ते उघडेच ठेवतात, आणि मूल दोन्ही पाहत असते.