दुचाकी तपासणीत नापास का होते?

दुचाकीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजेच आपल्या परिचयाच्या 'आरसी बुका'वर, नोंदणीची मुदत संपण्याची तारीख असते. खासगी दुचाकीच्या बाबतीत ही मुदत पंधरा वर्षांची. एकदा नवी गाडी नोंदली गेली की तिचे ब्रेक, दिवे, टायर यांची सरकारी निरीक्षकाकडून नियमित तपासणी होण्याचा प्रसंग त्यानंतर थेट या तारखेलाच येतो. रिक्षा, टेम्पो, ट्रक यांना ठरावीक काळाने 'पासिंग'साठी जावे लागते. खासगी दुचाकीला ते बंधन नाही. मधल्या काळात कायदा तिच्या मालकाकडे नियमितपणे मागतो त्या दोनच गोष्टी : विमा आणि पीयूसी.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांपैकी ७४ हजार ८९७ जण, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होते. यातील प्रत्येक अपघात वाहनातील दोषामुळे झाला, असे अर्थातच नाही. वेग आणि चालकाची चूक हीच मोठी कारणे आहेत. मात्र झालेली चूक सावरण्यासाठी चालकाच्या हाती शेवटी ब्रेक आणि टायरच असतात. तेच निकामी असतील, तर सावरण्याची संधीही उरत नाही.

ब्रिटनचा अनुभव

वापरातील दुचाकीत नेमके काय बिघडते, हे पाहायचे तर दरवर्षी तपासणी करणाऱ्या देशाचे निकाल उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये 'एमओटी' या नावाने ओळखली जाणारी तपासणी १२ सप्टेंबर १९६० रोजी, अर्नेस्ट मार्पल्स परिवहनमंत्री असताना सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांहून जुन्या वाहनांपुरतीच होती आणि त्यात केवळ ब्रेक, दिवे व स्टिअरिंग पाहिले जाई. नापास होणाऱ्या वाहनांचे प्रमाण इतके मोठे निघाले, की १९६१ च्या अखेरीस ही वयोमर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये आज मोटारसायकलला तिसऱ्या वर्षी पहिली आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी द्यावी लागते. पहिली तपासणी चौथ्या वर्षी घ्यावी का, याविषयी तेथील सरकारने २०२३ मध्ये मते मागवली होती. जानेवारी २०२४ मध्ये तीन वर्षांची मर्यादाच कायम ठेवण्याचा निर्णय झाला.

तेथे पहिल्या फेरीत नापास होणाऱ्या मोटारसायकलींचे प्रमाण साधारणपणे पाचांत एक किंवा त्याहून थोडे कमी असते. मोटारींचे प्रमाण याहून बरेच अधिक आहे. नापास होण्याच्या कारणांत दिवे व सिग्नल यांचा क्रमांक पहिला लागतो. त्यामागोमाग ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांतील दोष येतात. यातील बहुतेक दोष डोळ्यांनी दिसणारे वा हाताला जाणवणारे असून, त्यांची दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या मानाने अल्प खर्चाची असते.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ब्रिटनमधील तपासणीत मोटारसायकलचे सायलेन्सर गळके वा फार आवाज करणारे आहे का, हे पाहतात. धुरातील वायूंची यंत्राने मोजणी मात्र होत नाही. आपल्याकडे याच्या अगदी उलट स्थिती आहे. धूर नियमाने मोजला जातो. ब्रेक आणि टायर पंधरा वर्षे मालकाच्या भरवशावर सोडलेले असतात. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गाडी सुरक्षित आहे, असा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

दोष कोठे आढळतात?

दिवे : जळालेला बल्ब, गंजलेले कनेक्शन, फुटलेली काच आणि भलत्या उंचीवर रोखलेला हेडलाइट ही नेहमीची कारणे. पुढचा ब्रेक दाबल्यावर ब्रेकलाइट लागतो, पण मागचा दाबल्यावर लागत नाही, असे अनेकदा आढळते. स्वतः गाडीवर बसलेल्या चालकाला हे दिसत नाही. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबून भिंतीवरील लाल उजेड पाहावा.

ब्रेक : ब्रिटनच्या नियमानुसार मोटारसायकलच्या एका ब्रेकची कार्यक्षमता किमान ३० टक्के आणि दुसऱ्याची किमान २५ टक्के असावी लागते. झिजलेले लायनर वा पॅड, तुटायला आलेली केबल, ब्रेक ऑइलची गळती आणि चरे पडलेली डिस्क यांमुळे ती घटते. ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांत मागच्या ड्रमवरील लिव्हरपाशी बाणाची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण मर्यादेच्या रेषेपाशी पोहोचला, तर लायनर बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

टायर : आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर हवी. ब्रिटनमध्ये ५० सीसीवरील मोटारसायकलला १ मिलिमीटरची अट आहे. खोली पुरेशी असूनही टायरला भेगा वा फुगवटा असल्यास तो बदलणेच शहाणपणाचे. गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्यावर कदाचित निभावून नेतो. ओल्या रस्त्यावर मात्र नक्षीवाटे पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी घसरते.

हँडल व सस्पेन्शन : मधल्या स्टँडवर गाडी उभी करून पुढचे चाक उचलले आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले, तर ते कोठेही अडखळता कामा नये. मध्यभागी खाचेत अडकल्यासारखे वाटले, तर 'कोनसेट' खराब झाला आहे. पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ दिसल्यास ऑइल सील गेले आहे. मागचे चाक हाताने आडवे हलवून बुश व बेअरिंगमधील ढिलेपणा कळतो.

इतर बाबी : सैल वा अतिताणलेली चेन, बंद हॉर्न, तुटलेले आरसे, गळके वा बदललेले सायलेन्सर आणि नियमबाह्य नंबरप्लेट यांमुळेही अडचण येते. शोभेसाठी केलेले फेरफार तपासणीच्या वेळी हमखास नडतात.

पीयूसी आणि नूतनीकरण

नव्या दुचाकीला पहिले वर्षभर पीयूसीची गरज नसते. त्यानंतर भारत स्टेज ४ व ६ च्या गाड्यांना वर्षातून एकदा आणि त्याहून जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी ते घ्यावे लागते. ३१ मार्च २००० नंतर निर्माण झालेल्या चार-स्ट्रोक दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के, तर हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम ठरवण्यात आली. भारत स्टेज ६ च्या गाड्यांसाठी मर्यादा याहून कडक आहेत. तुंबलेला एअर फिल्टर, बिघडलेली कार्ब्युरेटरची सेटिंग आणि झिजलेला स्पार्क प्लग ही धूर वाढण्याची सामान्य कारणे होत.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना क्रमांक २५ मध्ये प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत तो करता येतो. विमा व पीयूसी चालू असणे आवश्यक असून, वाहन प्रत्यक्ष तपासणीसाठी हजर करावे लागते. चॅसी व इंजिन क्रमांक कागदपत्रांशी जुळले पाहिजेत. क्रमांक गंजाने पुसट झाला असल्यास तो जपून आधीच स्वच्छ करून घ्यावा. दोष आढळल्यास ते दूर करून गाडी पुन्हा दाखवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारसायकलच्या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, तर वीस वर्षांवरील मोटारसायकलसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण करही भरावा लागतो.

सदोष वाहन रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये गुन्हा आहे, मग गाडी दोन वर्षांची असो वा चौदा. पंधरा वर्षांपर्यंत निरीक्षकाचे काम मालकालाच करावयाचे आहे. वर सांगितलेली पाहणी घरच्या अंगणात दहा मिनिटांत होते. ती महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यापूर्वी न चुकता करावी. पुढे निरीक्षकासमोर गाडी उभी करण्याची वेळ येईल, तेव्हा त्याला काढण्यासाठी फारसे दोष उरणार नाहीत.