भाकरी, कडबा आणि ताक

परभणी जिल्ह्यातील जेवणाचा आधार पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी हाच होता. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत पावसाळ्यात मुरलेली ओल हिवाळाभर टिकते आणि तिच्यावरच रब्बीची शाळू ज्वारी पिकते. कणसातून धान्य मिळे, ताटांचा कडबा होई. कडब्यावर म्हैस पोसली जाई, तिच्या दुधाचे दही लागे आणि दह्याचे ताक होई. आतड्यातील उपयुक्त जिवाणूंची चर्चा या साखळीत कुणी कधी केली नाही. पण त्या जिवाणूंना लागते ते दोन्ही, म्हणजे ताकातून जिवंत जिवाणूंची रोजची भर आणि भाकरीतून त्यांचे खाद्य, एकाच शेतातून येत होते.

ज्वारीच्या पिठूळ पदार्थाचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही. तो आणि कोंड्यातील तंतू मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः याच ब्युटिरेटवर जगतात. भाकरी थंड झाली की न पचणाऱ्या पिठाचे प्रमाण थोडे वाढते. रात्रीची उरलेली भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाण्याची रीत काटकसरीतून आली; तिचा हा फायदा पुष्कळ नंतर कळला.

ताकाचा क्रम रात्रीपासून सुरू होई. तापवून कोमट केलेल्या दुधात आदल्या दिवसाच्या दह्याचे चमचाभर विरजण घालून गाडगे उबेला ठेवायचे. उन्हाळ्यात विरजण कमी, थंडीत जास्त, आणि वर एखादे फडके गुंडाळलेले. पहाटे रवीने घुसळून लोणी काढले की ताक उरे. लोणी कढवून तूप होई आणि ते बाजारात जाई, ताक मात्र विकायचे नसे. ज्या घरी दुभते नाही त्या घरचे माणूस भांडे घेऊन येई. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण अशाच देवघेवीतून आलेली आहे. विरजणही मागून आणले जाई, त्यामुळे एका घरचे जिवाणू गल्लीभर फिरत. हे जिवाणू आतड्यात कायमचे वस्तीला राहतातच असे नाही. म्हणून एखाद्या दिवशी तांब्याभर ताक पिण्यापेक्षा रोजचे वाटीभर अधिक कामाचे.

ताकात ज्वारीचे पीठ रात्रभर भिजवले की आंबते. सकाळी ते शिजवून लसूण, जिरे, मीठ घातले की अंबील तयार. शिजवताना जिवाणू मरतात. अंबील निवाल्यावर वरून ताक घातले तर जिवंत जिवाणू पुन्हा मिळतात. भरडलेल्या ज्वारीच्या कण्याही अशाच ताकासोबत खाल्ल्या जात.

चरकसंहितेत ग्रहणी आणि मूळव्याध या विकारांवर ताक सांगितले आहे. युरोपात मात्र हा विचार जिवाणूंच्या अंगाने सुरू झाला. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव यांनी बल्गेरियन दह्यातील जिवाणू ओळखला. पुढे १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी इल्या मेचनिकॉफ यांनी आंबवलेल्या दुधाचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. त्यांचे सगळे तर्क टिकले नाहीत, पण शास्त्रज्ञांचे लक्ष आतड्याकडे वळले ते वळलेच.

परभणीची साखळी तुटली ती आरोग्याशी संबंध नसलेल्या कारणांनी. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले. उतारा वाढला, पण ताटे बुटकी झाल्याने कडबा घटला. पीक लवकर पक्व होऊन परतीच्या पावसात सापडले की दाणा काळा पडे. हायब्रीडच्या भाकरीला चव नाही ही तक्रार घरोघरी होती. १९७२ च्या दुष्काळात जनावरे गेली आणि रेशनवर आलेल्या परदेशी लाल मिलो ज्वारीने माणसे जगवली. पुढे रेशनच्या गहू-तांदळाची सवय लागली. गावोगाव डेअरी आली तसे दुधाचे रोख पैसे हाती येऊ लागले, म्हणजे विरजायला दूधच उरेना. मग खरिपातल्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. त्याचा भाव बरा, पण त्याच्या भुसकटावर कडब्यासारखी म्हैस पोसत नाही.

सगळा दोष गव्हाला देणे मात्र बरोबर नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, कणकेत ११. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात ते ३ ग्रॅमच्याही खाली येतात. खरे नुकसान झाले आहे ते पांढरा भात, पाव आणि बिस्किटांनी.

दुसरा घाव प्रतिजैविकांचा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागले. या औषधांनी असंख्य जीव वाचवले. पण ती आतड्यात शत्रू-मित्र निवडत नाहीत. साध्या सर्दीलाही ती घेतली जाऊ लागली. १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविके औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत घालून चिठ्ठीशिवाय विक्रीवर आणि नोंदींवर कडक बंधने आली.

ज्वारीवरचे संशोधनही परभणीतच झाले. दुष्काळाच्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. परभणी मोती, परभणी ज्योती ही ज्वारीची वाणे तिथली. २०१८ मध्ये इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत विकसित केलेली परभणी शक्ती आली, तिच्यात लोह आणि जस्त वाढवलेले आहे. आतड्यातील जिवाणूंवरही काम झाले. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला हा जिवाणू विशेष प्रमाणात आढळला. तंतू आणि धान्यप्रधान आहार असलेल्या समाजांत हा जिवाणू जास्त दिसतो.

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला, येळवसीला, अजूनही माठभर अंबील शेतात नेतात. एरवी तालुक्याच्या गावात ताक पिशवीत किंवा खोक्यात मिळते. महिनोन्‌महिने टिकावे म्हणून निर्जंतुक केलेल्या खोक्यातल्या ताकाचे विरजण लागत नाही.