माशाच्या कानातला टाइमस्टॅम्प

आपल्या हतनूर धरणातल्या रोहूचं वय कसं काढतात? खवल्यावरची वलयं मोजून, झाडासारखं. वय चुकलं की जाळं कधी टाकायचं तेही चुकतं. पण वर्षाला वलय एकच पडतं कशावरून? समुद्री माशांपुरता पुरावा दिला चक्क अणुबॉम्बने! 1950-60 च्या दशकांतल्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-14 जवळजवळ दुप्पट केला. तो समुद्रात उतरून माशांच्या कानातल्या खड्यांत कायमचा बसला. मी कोड लिहिणारा, मला हा टाइमस्टॅम्पच वाटतो. 1993 मध्ये जॉन कॅलिश यांनी न्यूझीलंडकडच्या माशांत तो वाचला. त्याआधी, 1991 मध्ये, ऑस्ट्रेलियाकडच्या ऑरेंज रफीच्या खड्यातलं रेडियम किती शिसं बनलंय ते मोजलं. वय निघालं 77 ते 149 वर्षं! तोवर ट्रॉलर हा मासा टनांनी उपसत होते. आणि तो अंडी घालायलाच तीसेक वर्षं लावतो.