पूर्वसूरींची साक्ष

तत्त्वज्ञानाच्या उच्च पदवीसाठीं प्रबंध लिहूं इच्छिणारा विद्यार्थी पहिल्यांदा भेटीस येतो, तेव्हां त्याच्या हातांत बहुधा ग्रंथांची एक लांबलचक यादी असते. ‘यांपैकीं किती वाचलें म्हणजे पुरे?’ हा त्याचा पहिला प्रश्न. या प्रश्नाचें उत्तर संख्येनें देतां येत नाहीं, हें त्यास पटविण्यासाठीं मी एका जुन्या प्रबंधाची हकीकत सांगत असतों. त्या प्रबंधाचा कर्ता पुढें अगदीं निराळ्या कारणानें जगप्रसिद्ध झाला. त्याचें नांव कार्ल मार्क्स. त्याच्या अर्थशास्त्राविषयीं वाचकांचें मत कांहींही असो. येथें आपणांस कर्तव्य आहे तें बर्लिन विद्यापीठांतील एका विशीतल्या विद्यार्थ्याशीं.

मार्क्स १८३६ सालीं बर्लिनला आला तो कायद्याच्या अभ्यासासाठीं. पण त्याचें मन तत्त्वज्ञानांत गुंतलें. वाचलेल्या प्रत्येक ग्रंथांतून उतारे काढून ठेवण्याची संवय आपण लावून घेतली आहे, असें त्यानें १८३७ च्या नोव्हेंबरांत वडिलांस कळविलें होतें. पुढल्याच वर्षीं वडील वारले. प्राध्यापकी मिळवावयाची तर पदवी हवी, आणि पदवीसाठीं प्रबंध हवा. १८३९ सालीं त्यानें एपिक्यूरस या ग्रीक तत्त्ववेत्त्यावर टिपणें काढण्यास आरंभ केला. त्या टिपणांच्या सात वह्या आज उपलब्ध आहेत.

या विषयांत अडचण अशी होती कीं, त्याचा निकाल फार पूर्वींच लागल्यासारखा होता. सर्व सृष्टि परमाणु व पोकळी यांची बनलेली आहे, हा सिद्धांत डिमॉक्रिटसनें ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत मांडला. एपिक्यूरस (ख्रि. पू. ३४१–२७०) त्याच्या मागाहून आला आणि त्यानेंही तेंच सांगितलें. तेव्हां एपिक्यूरसचें सृष्टिशास्त्र उसनें आहे, आणि जेथें त्यानें कांहीं बदल केला तेथें मूळचें बिघडविलें, असा ठपका सिसेरोनें ठेवला. प्लूटार्कनें त्याच सुरांत सूर मिळविला. सतराशें वर्षांनंतर लायब्निट्ससारख्या प्रज्ञावंतानेंही, उसनें घेतांना उत्तम तेंच निवडण्याची कुवत एपिक्यूरसला नव्हती, अशा अर्थाचें लिहून ठेवलें. एकानें म्हणावें, दुसऱ्यानें त्याचा हवाला द्यावा, आणि तिसऱ्यानें दोघांचीं नांवें घेऊन तेंच सिद्ध झालें असें समजावें, ही गतानुगतिकता विद्वानांतही किती खोल रुजते याचें हें उदाहरण आहे.

बरें, आरोपीची स्वतःची कैफियत पाहावी, तर ती जवळजवळ नष्ट झालेली. सुमारें तीनशें गुंडाळ्या भरतील इतकें ज्यानें लिहिलें, त्याचीं तीन पत्रें आणि चाळीस सूत्रें तेवढीं डायोजिनीस लाएर्शियसच्या चरित्रग्रंथाच्या दहाव्या भागांत शिल्लक राहिलीं. विखुरलेले अवशेष एकत्र करणारा उझेनेरचा संग्रह १८८७ सालचा. तो मार्क्सच्या वेळीं नव्हता. म्हणून या विद्यार्थ्यास शत्रूंच्याच ग्रंथांतून एपिक्यूरस वेंचून काढावा लागला.

त्यानें काय केलें? प्रत्येक ग्रंथकारास त्यानें न्यायाधीश न मानतां साक्षीदार मानलें. प्लूटार्क वैरी खरा. परंतु खंडन करण्यासाठीं का होईना, तो प्रतिपक्षाचें म्हणणें नमूद करतो, आणि तेवढें नमूद केलेलें त्याच्या शेऱ्याहून अधिक मोलाचें असतें. ल्युक्रीशियस हा भक्त, सेक्स्टस एंपिरिकस हा संशयवादी. या सर्वांच्या जबान्या शेजारीं शेजारीं ठेवल्यावर जें साम्य पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलें होतें, तें डळमळूं लागलें. डिमॉक्रिटस सर्व कांहीं अटळ नियतीवर सोपवितो; एपिक्यूरस नियतीचें स्वामित्व नाकारतो. एकास इंद्रियांची साक्ष संशयास्पद वाटते, तर दुसरा तीच प्रमाण मानतो. एक ज्ञानासाठीं देशोदेशीं हिंडला. दुसरा अथेन्समधील आपल्या बागेंतून क्वचितच बाहेर पडला.

परमाणु सरळ रेषेंत पडत असतां किंचित् बाजूस वळतात, या एपिक्यूरसच्या मताची सिसेरोनें थट्टा केली होती. मार्क्सनें तेथेंच बोट ठेवलें. हें वळण म्हणजे उसनवारी लपविण्याची धडपड नसून नियतीच्या सांखळींतून सुटण्याची वाट आहे, आणि एपिक्यूरसचें सारें दर्शन त्याच सूत्रांत ओवलेलें आहे, असें त्यानें प्रतिपादिलें. अर्थात् त्याच्याही डोळ्यांवर हेगेलचा चष्मा होता. परमाणूंत त्यास मानवी आत्मभान दिसलें तें त्या चष्म्यांतून, हा आक्षेप रास्तच आहे. साक्षीदारांची उलटतपासणी करणाराही अखेर माणूसच असतो.

६ एप्रिल १८४१ रोजीं प्रबंध येना विद्यापीठाकडे पाठविण्यांत आला आणि १५ एप्रिल रोजीं, उमेदवार स्वतः हजर नसतांच, पदवी देण्यांत आली. प्राध्यापकी मात्र मिळाली नाहीं. मार्क्सचा पाठिराखा ब्रूनो बाउएर याचाच बॉन येथील अध्यापनाचा अधिकार १८४२ सालीं काढून घेण्यांत आला आणि ती आशा संपली. एपिक्यूरसपंथी, स्टोइक व संशयवादी या तिन्ही संप्रदायांवर मोठा ग्रंथ लिहिण्याचा संकल्प प्रस्तावनेंतच राहिला. प्रबंधाची मूळ प्रतही हरवली. मागें उरली ती एक अपुरी नक्कल.

मार्क्स १८८३ सालीं वारला. पुढच्याच वर्षीं, १८८४ मध्यें, हल्लींच्या तुर्कस्तानांतील ईनोआंडा येथें एका प्राचीन भिंतीचे कोरीव दगड सांपडले. डायोजिनीस नांवाच्या एका एपिक्यूरसभक्तानें गुरूची शिकवण येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीं त्या भिंतीवर खोदवून ठेविली होती. परमाणूंच्या ठायीं असलेली स्वतंत्र गति डिमॉक्रिटसच्या ध्यानांत आली नाहीं, ती एपिक्यूरसनें उजेडांत आणली, असा तींत स्पष्ट निर्वाळा आहे. जुन्या वैऱ्यांच्या लिखाणांतून जो भेद मोठ्या कष्टानें शोधून काढावा लागला, तो दगडावर कोरलेला होताच.

आपल्याकडील शास्त्रकार उत्तरपक्ष मांडण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडीत, आणि तो लेचापेचा करून मांडणें कमीपणाचें समजत. प्रबंधापूर्वींच्या वाचनाचा मलाही दुसरा अर्थ दिसत नाहीं. म्हणून यादी घेऊन आलेल्या विद्यार्थ्यास मी इतकेंच सांगतों कीं, पुस्तकें मोजूं नकोस. पहिलें उघड, आणि हें याला कोणी सांगितलें तें शोध. त्या शोधांत कित्येकांची यादी निम्म्यावर येते, आणि काम मात्र दुप्पट होतें.